तीन गावच्या देवांना हो म्हणून बसले

...आणि वर म्हणतात कसे, "तू ठरव." ऐकलंत ना? तू ठरव म्हणे. चौतीस वर्षं संसार झाला, देवगड झालं, खेड झालं, गुहागर झालं, मालवण तर दोनदा झालं, दर वेळी कचेरीतून बदलीचा हुकूम यायचा, हे तो कोटाच्या खिशातून काढून देवळीत ठेवायचे, आणि मी तो न वाचताच लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधायला घ्यायची... कधी कुणी विचारलं नाही की बाई गं, तुला हे गाव आवडतं का? आणि खरं सांगू, कुणी विचारावं असं मलाही कधी वाटलं नाही. आणि या बंदराच्या गावी नऊ वर्षं काढून यंदा फाल्गुनात हे पेन्शनीत निघाले. अव्वल कारकून होते ना, तेव्हा गळ्यात हार, हातात नारळ आणि मुठीची काठी असे घरी आले, काठी कोपऱ्यात उभी केली आणि म्हणाले, "आता हुकूम काढणारं कुणी नाही. कुठं राहायचं ते तू ठरव."

तुम्हाला सांगते, मला घामच फुटला. अहो, संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार ते विचारा, प्रदोष कधी, हरताळकेला काय चालतं काय चालत नाही, सगळं झोपेत सांगेन. पण मरेपर्यंत कुठं राहायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय? त्यात आमच्या घरमालकीण येसूबाई दुसऱ्याच दिवशी दारात. तोंडाने गोड आहेत हो, पण म्हणाल्या, "राहणार असाल तर राहा, जाणार असाल तर पावसाआधी सांगा, दुसरं बिऱ्हाड विचारून गेलंय." झालं. म्हणजे वैशाख सरायच्या आत ठरवायचं.

शेजारची अजरा म्हणाली, "त्यात काय एवढं? इथंच राहा." तिला सोपं आहे. तिचा इद्रीस बोटीवर. दोन दोन वर्षं तो पाण्यावर आणि ही इथं, घर कुठं म्हणून विचारलं तर नवराबायको दोन वेगळे पत्ते सांगतील. पण मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा कुणी विचारलंय, तर चार गावं नीट बघून तरी घ्यावीत. कुठलं पाणी कसं, फुलं कुठं मिळतात, दुपारी बायका कुठं बसतात... बघून यायला काय हरकत आहे?

म्हणून आधी गेलो राजापुराकडे, यांच्या गावी. एस.टी.तनं उतरून दोन मैल कातळ तुडवायचा, चैत्रातला कातळ, म्हणजे तव्यावरच्या भाकरीला काय वाटतं ते समजलं. माझे धाकटे दीर दादूभाऊजी तिथं राहतात, आंब्याची कलमं बघतात, काजू बघतात. स्वभावाने मोकळे. दारातच म्हणाले, "वहिनी, या, घर तुमचंच आहे. फक्त पडवीत गाय व्यायलीय, तेवढी पडवी सोडून." बरं, म्हटलं. आत गेलो. "माजघर तुमचंच. फक्त तिथं बिया वाळत टाकल्यात." बरं. "माडी तर तुमचीच. फक्त जिना काढलाय." तुम्हाला सांगते, संध्याकाळपर्यंत त्या तुमच्याच घरातली एक खिडकी तेवढी आमच्या वाट्याला राहिली, आणि तिच्यात जाऊबाईंची, हौसाची, दुधाची चरवी. वाईट नाहीत हो कुणी. वीस वर्षं आपण गेलो नाही तर माणसं काय जागा मोकळी ठेवून बसतील?

मी पदराच्या गाठीला तुरीची डाळ बांधून नेली होती. ही माझी जुनी रीत. बदलीच्या गावी पोचलं की पहिली मूठभर डाळ शिजत टाकायची, पाणी कसं ते कळतं. तिथं सकाळी चढवलेली डाळ दुपारी दातात कटकन वाजली. पण मन म्हणालं, डाळीवर कुठं जन्म ठरवायचा, देवीला विचारू. हौसाला घेतलं आणि देवळात गेले. गुरवाने देवीच्या पाषाणाला फुलाचे दोन कळे पाण्याने चिकटवले, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा पडला तर देवीचं हो, डावा पडला तर नाही. आणि मी विचारलं, आई, तुझ्या गावात राहायला येऊ का? अहो, गुरवाचा हात मागे येतोय न येतोय तोच उजवा कळा टपकन खाली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या भरात हात जोडून बोलून गेले, आई, दर शिमग्याला तुझी पालखी आमच्या दारात येईल तेव्हा आरतीचं ताट घेऊन मी उंबऱ्यात उभी असेन.

परतताना हे म्हणाले, "ठरलं म्हणायचं?"

मी म्हटलं, "ठरलं. पण पोफळी बघून यायला काय हरकत आहे?"

कारण तिथं आमचा मुलगा, सखाराम. कोयनेच्या कामावर ओव्हरसिअर आहे. आणि माझ्या मनात केव्हापासून होतं की डोंगराच्या पोटात वीज करतात म्हणजे करतात तरी काय, एकदा बघावं. चिपळुणाहून दुसरी गाडी, आणि मग एकासारखी एक अशी घरांची रांग, इतकी सारखी की पहिल्या दिवशी मी फुलं घेऊन आले ती सरळ एका पंजाबी बाईच्या स्वयंपाकघरात शिरले. तिला मराठी येईना, मला तिची भाषा येईना, पण बिचारीने चहा केला. सुनेने, तुळसाने, दारात डालड्याच्या डब्यात तुळस लावलीय. नळ फिरवला की पाणी, बटण दाबलं की उजेड. मी दहा वेळा दाबलं हो, खोटं कशाला सांगू. डाळ तर अर्ध्या तासात मऊ. आणि एवढ्यात भोंगा झाला आणि धाडकन आवाज, फळीवरची भांडी एकमेकांवर आदळली, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रांगत रांगत अन्नपूर्णेपाशी येऊन थांबला. मी भिंतीला चिकटले. तुळसा पोळी उलटत म्हणाली, "आई, भिऊ नका, सुरुंग आहे. दिवसातनं चारदाच होतो." चारदाच.

तरी पोरगं जवळ असणार, म्हणून खालच्या गावातल्या देवीकडे गेले. तिथला गुरव एवढा हरखला, म्हणाला, "सहा महिने झाले बाय, कोन काय इचारायलाच येत नाय. सगळी साहेबालाच इचारतात." कळे लावले. मी विचारलं, आई, तुझ्या छायेत येऊ का? उजवा पडला. सुरुंग नव्हता हो, मी विचारून घेतलं, भोंगा झालाच नव्हता. मग मीही बोलले, आई, दर नवरात्रात नऊ दिवस तुझ्यापुढे दिवा तेवत ठेवीन, माझ्या हाताने.

हे बाहेर चपलांपाशी उभे. "आता इथं ठरलं का?"

"होय. पण मथुरेला काय वाटेल? दापोली बघून यायला काय हरकत आहे?"

मथुरा म्हणजे आमची लेक, दापोलीला दिलीय. थंड हवा, झाडी, आणि पेन्शनर म्हणाल तर इतके की रस्त्याने जाताना यांना एका हाताने नमस्कार करत चालावं लागलं. यांना वाटलं होतं, जावयाच्या गावी राहायला संकोच वाटेल. कसला संकोच? पहिल्याच संध्याकाळी सात म्हातारे ओट्यावर जमले, आणि तुम्हाला सांगते, दिवेलागणीपासून जेवणापर्यंत पोट साफ होण्याशिवाय दुसरा विषय नाही. एक म्हणतो त्रिफळा, दुसरा म्हणतो एरंडेल, तिसरा उठून पायाने दाखवतोय की सकाळी किती फेऱ्या मारायच्या. ह्यांनी कचेरीत चौतीस वर्षं काढली पण इतकं मन लावून कुणाचं ऐकताना मी यांना पाहिलं नव्हतं. पाणी मात्र अमृत. डाळ शिजली नाही, विरघळली. शंकराच्या देवळात कळे लावले आणि... काय सांगू? उजवाच. दर श्रावणातले सगळे सोमवार तुझ्या देवळात करीन, असं कबूल करून आले.

घरी आले ती तरंगतच आले. बघा म्हटलं, मी एवढी साधी बाई, आणि तीन गावचे देव मला ये म्हणतात. अजराला सगळं सांगितलं. ती मासे निवडत बसली होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. म्हणाली, "थांब, तू तिन्ही देवांना आपापल्याच गावाचं विचारलंस?"

"मग दुसऱ्याच्या गावाचं त्यांना कसं विचारणार?"

तिने ओठ दाबले, मान फिरवली, पण खांदे हलायला लागले, आणि मग ती जी हसत सुटली, मांजराने बांगडा नेला तरी उठेना. मी उभी. मला समजेना यात हसण्यासारखं काय. आणि मग हळूहळू, पायऱ्या उतरत यावं तसं डोक्यात आलं. अगं बाई. दारात आलेल्या बाईला कुठला देव जा म्हणून सांगेल?

यांना सांगितलं तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं पंचांग पुढ्यात घेतलं, शिमगा, श्रावण, नवरात्र, तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी मी गेले आमच्या इथल्या देवीकडे. खरं तर आधी इथंच यायला हवं होतं, पण रोजचं देऊळ, रोजचा गुरव, तिथं आपण फुलं वाहतो, विचारत नाही. महिपत गुरवाने कळे लावले. मी विचारलं, आई, मी इथंच राहू का? आणि बघत उभी राहिले. तीन गावी मी डोळे मिटले होते हो. इथं मिटवेनात. उजव्या कळ्यावरून नजर हलेना. महिपत म्हणाला, "बाय, जरा मागं सर. तुज्या श्वासानं पडंल."

मागे सरले. आणि डावा पडला.

तुम्हाला सांगते, इतकी वर्षं उपास केले, देवाने दिलं ते घेतलं, नाही दिलं ते नाही म्हटलं, कधी शब्द काढला नाही. आणि माझ्या तोंडातून आलं काय?

"परत लावा."

महिपत माझ्याकडे बघतच राहिला. मीही आतल्या आत बघतच राहिले, की हे कोण बोललं? इथल्या विहिरीचं पाणी मचूळ. डाळ इथंही शिजत नाही, नऊ वर्षं मी ती आदल्या दिवशी भिजत घालते. पोरं जवळ नाहीत, दीर जवळ नाहीत, भाड्याच्या दोन खोल्या. आहे काय? बंदरावर मुंबईची आगबोट आली की तिचा भोंगा ऐकून मी भाताला आधण ठेवते. दुपारी अजरा आणि मी कुंपणाच्या दोन बाजूंना पाटावर बसतो. एवढंच. एवढ्यासाठी मी देवीशी हुज्जत घालायला उभी?

महिपत म्हणाला, "आता उत्तर कोनाचं पायजे, देवीचं का तुजं?"

मी रडायलाच लागले. रडत रडत तिन्ही गावचं सगळं सांगून टाकलं. तो खाली बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मंग बरोबर हाय देवीचं. तीन घरी जेवायला व्हय म्हनून आलीस, चौथीनं पान कसं मांडायचं? आदी त्यांचा मान." आणि उठून गाऱ्हाणं घातलं. त्याचा आवाज असा देवळाच्या आढ्याला लागतो. "हे माय, ही तुजी लेक, हिनं भोळेपनानं तीन ठिकानी शबूद दिला, व्हय महाराजा! तो ती वर्साचे वर्साला पुरा करंल, व्हय महाराजा! पन हिचा जीव तुज्या पायाशी गुतलाय, तर हिला तुज्या पदराखाली घे, कबूल असंल तर उजवा दे!" व्हय महाराजा म्हणायला देवळात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते मीच म्हणत होते.

उजवा पडला. लगेच नाही. थोडं थांबून, विचार करून पडला.

घरी आले आणि यांना म्हटलं, "मला इथं राहायचंय." जन्मात पहिल्यांदा असं वाक्य बोलले, जीभ चाचरली. हे म्हणाले, "बरं." आणि उठून येसूबाईंना सांगून आले. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी विचारतील. पण रात्री जेवताना म्हणाले, "दापोलीला पोट ठीक राहायचं, पण तिथं सगळेच बोलणारे. इथं ऐकून घ्यायला माणूस आहे."

तर येसूबाईंना वर्षाचा शब्द दिलाय, दाराला मी नवीन तोरण केलंय, अंगणात जास्वंदीची फांदी लावलीय. परवा श्रावण लागतो, तेव्हा सगळ्या सोमवारांसाठी मी दापोलीला. मध्येच येऊन परत जायचं म्हणजे नुसती एस.टी., म्हणून महिनाभर तिथंच. मग नवरात्रासाठी पोफळी. लेकाकडे गेलं की नऊ दिवसांत कोण सोडतंय, दिवाळी करूनच जा म्हणतील. मग शिमग्याला राजापूर, आणि तिथं गेलं की कलमं उतरेपर्यंत दादूभाऊजी हलू देणार नाहीत, जिना पण लावतोय म्हणून कळवलंय. यांनी आताच सांगून ठेवलंय, नवस तुझा आहे, मी इथंच राहणार. म्हणजे घर अगदी मनासारखं ठरलं हो, देवीच्या संमतीने ठरलं. आता त्यात राहायला सवड कधी काढायची, तेवढं बघायचंय.