लवंगीची बावीस झाडे

पुरवणी जबाब. रोहा, दिनांक २४ एप्रिल २०२५.

मी पुतळी काळुराम म्हात्रे, वय ६२ वर्षे, काम घरकाम, माहेर व सासर पेण तालुक्यात खाडीकाठी, सध्या राहणार वरसे, ता. रोहा, समक्ष हजर राहून सांगते की,

मी मुलगा मिथुन याच्यासोबत राहते. तो कंपनीत शिफ्टला जातो. अंगणात शेजारच्या भिंतीलगत रंगाच्या रिकाम्या डब्यांत मी लवंगी मिरचीची बावीस झाडे लावली. पाने आकसू लागल्याने मी लसूण व कडुनिंबाचे पाणी फवारत होते. ते शेजारी नूतन ठाकूर यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उडाले. त्यावर त्या म्हणाल्या, "काकी, पोराच्या शर्टाला फोडणी दिलीस. आता मीच काय तरी मारते तुझ्या झाडांना." त्या हसून म्हणाल्या होत्या. हसल्याचे मी पहिल्या तक्रारीत सांगितले नव्हते.

१२ एप्रिल रोजी माझा भाऊ गोविंदा मिठागरावरची दहा जुनी बारदाने देऊन गेला. मीच मागवली होती. बुलबुल पिकल्या मिरच्या खातात व ऊनही लागते, म्हणून ती झाडांवर बांधली. गारवा राहावा म्हणून रोज दोन वेळा भिजवत होते. पाणी डब्यांत ठिबकत असे. आठवड्यात पानांच्या कडा जळाल्या. एकोणीस झाडे गेली. २१ तारखेला मी नूतन यांच्याविरुद्ध तक्रार दिली.

नूतन अंगणवाडीत मदतनीस आहेत. मुलांची खिचडी त्या रांधतात. तक्रारीआधी मी नळावर चौघींना हा प्रकार सांगितला. त्यात विष हा शब्द मी वापरला. अंगणवाडीत सोळा मुले येतात. काल दोन आली. त्या दोघांनी घरचे डबे आणले होते.

आज सकाळी हवालदार पाहणीस आले. नूतन यांनाही बोलावले. त्यांनी ओले बारदान बोटाने चोळून बोट जिभेला लावले व म्हणाल्या, "खारट हाय, काकी. धुतलं नाय व्हय?" मी नाय म्हटले. हवालदारांनी चव घेतली. मी घेतली नाही. लग्नाआधी व नंतर मिळून वीस वर्षे मी मिठागरावर टोपल्या वाहिल्या आहेत.

मी नूतन यांना म्हटले, "घरात ये गो, चहा घे." त्या म्हणाल्या, "खिचडी टाकायची हाय. खाणारं कोण नाय, पण रांधायला तर लागतंय."

मला तक्रार चालवायची नाही. हा जबाब अंगणवाडीच्या दारात वाचावा अशी विनंती मी केली. साहेबांनी तसे करता येत नाही असे सांगितले. म्हणून उद्या अकरा वाजता त्या चौघींना घेऊन मी तिथे जाईन, झाले ते सांगेन व मुलांच्या पंगतीत बसेन. नूतन मला वाढतील की नाही, ते माहीत नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. त्या हसून म्हणाल्या होत्या, ही ओळ मी दोनदा वाचून घेतली. खाली सही करते.