गयाच्या बाभळीचा डिंक

आमी मूळचं कळसचं, मेंढरावालं. मेंढरं रोगात गेली अन् मग बाभळीवर पोट आलं. तिकडं बारामतीच्या अंगाला पाटाचं पाणी, ऊस, भाजीपाला, हितं नुस्तं कुरण अन् काटं. उन्हाळ्यात बाभळीला कुऱ्हाडीची खाच द्यायची, डिंक फुटला की काढायचा, डोईवर घिऊन बारामतीचा बाजार गाठायचा अन् येताना जोंधळं आणायचं. हात बघा माझं, काट्यानं पार चाळण झाल्याती. ल्ह्या, ल्ह्या, तुमच्या वहीत ह्येबी ल्ह्या.

खाच दिली की फांदीला आपल्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या झाडाला दुसऱ्यानं हात लावायचा न्हाय. लिवल्यालं कुठं न्हाय, पर समदी पाळायची.

त्या साली माझी लेक सखू बाळंतपणाला आल्याली अन् दिस भरायच्या आदीच मोकळी झाली. पोरगं जगलं, पर हिला उठून बसवंना, अंगावर दूध न्हाय. सुईण म्हणाली, हिच्या पोटात डिंक घाल, न्हायतर पोरगं हातचं जाईल. अन् आमचा समदा डिंक आदल्याच बाजारी इकल्याला! काय सांगू तुम्हास्नी, जलम गेला डिंकात अन् घरात खडा न्हाय.

शेजारच्या गयाची बाभळ तेवढी राहिल्याली, डिंक नुस्ता लोंबत व्हता. गया कन्हेरीला भावाकडं गेल्याली, इचारावं तर कुणाला? आमचं मालक, सखूचा बा, म्हणालं, काढ की, कोण बघतंय. म्या म्हणलं, आवं, चिंधी हाय तिची, एकली बाई, तिचंबी पोट त्याच्यावरच. तरी गेले, झाडाखाली हुबी ऱ्हायले, रडले, पर हात काय वर जाईना. तशीच माघारी आले.

दुसऱ्या दिशी मक्तेदाराची माणसं आली. सरकारनं कुरणाचा मक्ता कुणाला दिल्ता, आमाला काय ठावं! त्यास्नी कसली चिंधी अन् कसलं काय, गयाची बाभळ पार खरडून नेली.

गया आली, तिला समदं सांगितलं. वाटलं, झाडापायी रडंल. तर माझ्यावरच खेकसली, आगं भवाने, तू का न्हाय काढलास? सखू काय मला परकी व्हती? अन् मग दोघीबी रडत बसलो.

सखू उठली, पोरगं न्हाय ऱ्हायलं.

आता आमी त्याच मक्तेदाराच्या रोजावर डिंक काढतो, गया अन् मी जोडीनं. दमलो आता. त्या बाभळीचा डिंक कुण्या बाळंतिणीनं खाल्लाच असंल की. तिचं लेकरू आता हिंडत-फिरत असंल. असू दे बाई, सुखात असू दे.