आमची बॅरिस्टर येतेय

हॅलो?… हॅलो, कर्स्टी?… हो, हो, मीच. तुझी आईच बोलतेय, माझ्या फोनवरून दुसरं कोण बोलणार?… कोर्टातच आहे ना. केव्हाची येऊन बसलेय. गाडी कुठवर आली तुझी?… यॉर्क? अजून यॉर्कच?… अगं, पण अकराला पुकारा आहे आपला… हो बाई, ठाऊक आहे, गाडी तू चालवत नाहीस.

छे, घाबरलेबिबरले नाही. बरं आहे इथं. म्हणजे, खुर्च्या जमिनीला खिळलेल्यात आणि चहाच्या यंत्रातून नुसतं गरम पाणी येतंय, पण बरं आहे. मी थर्मास आणलाय. तुझ्यासाठी हॅमचं सँडविच केलंय, लोणचं लावून… नको काय नको? उपाशीपोटी भांडणार आहेस का जज्जांशी?

आणि ऐक, गंमत. मी आत आले तर समोर काळा झगा घातलेली एक बाई. मला वाटलं, हीच जज्ज. चांगली कमरेत वाकून गुड मॉर्निंग केलं मी. तर म्हणते कशी, मी नुसती नावं पुकारते!… हसतेस ना?… नाही? मग कसला आवाज येतोय?… नाक शिंकरतेस? सर्दी झाली का? तरी सांगत होते, त्या खोलीतली ओल…

बरं, तू आलीस की सरळ तिच्याकडे जा. तिला सांगून ठेवलंय मी. तिनं विचारलं, तुमच्याबरोबर कोणी आहे का? म्हटलं, आहे म्हणजे! माझी मुलगी, मिस कर्स्टी थॅक्रे, बॅरिस्टर, लीड्सहून येतेय. तिनं लिहूनसुद्धा घेतलं. आडनाव नीट एकेक अक्षर सांगितलं मी… काय?… का खोडायचं?… खोटं आहे का ते?

ओरडू नकोस. डब्यात माणसं असतील… हां, आता सांग… बॅरिस्टर आहेस. बरं… पण कोर्टात बोलता येत नाही… कर्स्टी, हे काय कोडं घालतेस सकाळी सकाळी?

अगं, मी होते ना तिथं! लंडनला! माझ्या या कानांनी ऐकलंय. तुझं नाव पुकारलं, त्या म्हाताऱ्या साहेबांनी हातात हात घेतला, म्हणाले, आजपासून तुम्ही बॅरिस्टर. मी रडले, माझ्या शेजारच्या अनोळखी बाईनं मला रुमाल दिला. आणि तो तुझा फोटो, पांढऱ्या केसांचा टोप घातलेला… काय?… भाड्याचा? टोप भाड्याचा होता?… झगा पण?… मला वाटलं, कपाटात ठेवला असशील. मी तर काल म्हणणार होते, इस्त्री करून आण म्हणून.

हो… हो… ऐकतेय ना. पुन्हा सांग, पण वकिली भाषेत नको… म्हणजे ते नाव मिळतं. नुसतं नाव. आणि काम करायचं तर कुणा जुन्या वकिलाच्या हाताखाली एक वर्ष उमेदवारी करावी लागते… आणि ती जागा तुला मिळालेली नाही… अजून? पण फोटोला किती वर्षं झाली!… दरवर्षी अर्ज करतेस… दरवर्षी… अगं, मग मला इतके दिवस काय वाटत होतं? मी विचारायचे, काम कसं चाललंय, तू म्हणायचीस, चाललंय… विमा कंपनीत? फोन घेतेस?… म्हणजे लोकांच्या गाड्या ठोकल्या की ते तुला फोन करतात… हं.

नाही, चिडले नाही. मला समजतच नाहीये, एवढंच. तीन वर्षं तू प्राणिशास्त्र केलंस. गुडघाभर पाण्यात उभी राहून शंख मोजायचीस, आजी म्हणायची, पोरगी कोळीण होणार. मग आलीस नि म्हणालीस, आई, असा कोर्स निघालाय, कुठल्याही विषयाची पदवी चालते, एका वर्षात कायद्याकडे वळवतात. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाकीचे तीन वर्षं घोकतात ते तुम्ही एका वर्षात कसं घोकणार? केस गळले तुझे त्या वर्षी. पण केलंस! मग तो दुसरा कोर्स. मग लंडनला जाऊन ती जेवणं. वकील व्हायचं तर त्या दिवाणखान्यात बसून इतकी जेवणं जेवलीच पाहिजेत म्हणे. आजी किती हसली होती… म्हणजे जेवून बॅरिस्टर होता येतं आणि तोंड उघडायला परवानगी नाही?… हो ना? मग मी काय चुकीचं बोलले?

आणि गल्लीला काय सांगू मी? शेजारची मॅव्हिस त्या फोटोसमोर उभी राहून तिच्या कुंपणाचं भांडण सांगते. फोटोला!

थांब, थांब… नाही, आपला पुकारा नाही. दुसरंच कोणीतरी… हां, बोल. कुठली बाई?… कोर्टाची फुकट वकील? आली होती ना. पिवळ्या स्वेटरवाली. फार गोड बोलली. म्हणाली, मिसेस थॅक्रे, मी कागद बघू का, निदान मुदत तरी मागून घेऊ… मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या गरजूंकडे बघा, आमच्या घरचीच बॅरिस्टर आहे… हो, म्हटलं तसं… कर्स्टी, मला काय माहीत!… बघते, बघते… ती नाहीये इथं. त्या बाबागाडीवाल्या जोडप्याला घेऊन आत गेली. आणि तिच्यासाठी दाराशी चौघं थांबलीत… कशी जाऊ मध्ये? मीच तर घालवलं तिला.

मग तू येऊन करणार काय?… शेजारी बसणार. बोलायचं नाही, नुसतं माझ्या कानात सांगायचं… बरं. ते तर ते. मी बोलेन. सांग मला, काय बोलायचं. मी म्हणेन, साहेब, या घरात मी जन्मले. नवरा सोडून गेला तेव्हा या पोरीला काखेत घेऊन इथंच आले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला मी आंघोळ घातली, घास भरवला, माझ्या हातात गेली ती. आता ती गेली तर गावचं कौन्सिल म्हणतंय, भाडेकरू म्हणून नाव तिचं होतं, घर रिकामं करा… हे पुरेल ना?… कर्स्टी?… गेली का लाईन?… आहेस ना?

मग बोल ना.

…एकदाच म्हणजे काय?… म्हणजे कौन्सिलचं घर घरातल्या माणसाच्या नावावर एकदाच होऊ शकतं… पण माझ्या नावावर कुठं झालंय अजून? एकदाही नाही!… आजोबा गेले तेव्हा?… ते आजीच्या नावावर झालं, ते धरतात?… अगं, ती बायको होती त्यांची! ती काय कुठून बाहेरून आली होती?… तरी धरतात… म्हणजे तेव्हाच संपलं. मी शाळेत होते तेव्हा. मी गणवेशात फिरत होते आणि माझं घर तेव्हाच गेलं होतं.

आणि आंघोळ घातली, घास भरवला, ते?… त्याला कायद्यात जागा नाही.

हे तुला कधीपासून माहीत आहे?… पहिली नोटीस आली तेव्हापासून? मग बोलली का नाहीस?… हो. हो, मी म्हणत होते खरी. आमची कर्स्टी बघून घेईल. सगळ्यांना म्हणत होते… रडू नको गं. डब्यात बघतील लोक… अगं, ऐक ना… रुमाल आहे का जवळ?

काय?… काय म्हणालीस?… तू उभी राहशील? बोलशील?… मी बॅरिस्टर आहे म्हणून सांगशील?… बघ! मला ठाऊक होतं, माझी पोरगी ऐन वेळी… हो, कुणाला कळतंय! तिनं नाव लिहिलेलंच आहे… मग?… काय होईल?… गुन्हा?… म्हणजे पोलीस?… आणि ती उमेदवारीची जागा?… पुन्हा कधीच नाही?

गुरुवारी कसली मुलाखत?… हे पण नाही सांगितलंस. शेवटची म्हणजे?… मुदत संपतेय. यंदा जागा नाही मिळाली तर तो कोर्स, ती जेवणं, सगळं शिळं… किती जण येणार आहेत?… नाही, सांग तू. एका जागेला किती?…

…हं.

…नाही, आहे मी. ऐकलं. थर्मासचं झाकण लावतेय.

कर्स्टी, मला एक सांग. आईला बरं वाटावं म्हणून नको, खरं सांग. तू उभी राहिलीस, झकास बोललीस, जज्ज तोंडात बोट घालून ऐकत राहिले. घर वाचतं का?… थोडंसं तरी?… नाही. बरं.

मग दोन्ही कशाला घालवायची गं? घर जाणारच आहे ते जाऊ दे. तू परत जा… पुढचं स्टेशन कुठलं? तिथं उतर, पलीकडच्या फलाटावर जा आणि लीड्सची गाडी धर… नको येऊस. शेजारी बसायला पण नको… अगं, ऐक! ऐक माझं. तू दारातून आत आलीस ना, तर मी जज्जांसमोर म्हणणार, ही बघा माझी बॅरिस्टर. माझी जीभ मला माहीत आहे. मला आवरायचं नाही ते.

मिळेल काही तरी. मॅव्हिसची मागची खोली आहे… ती घोरते, हो. मी पण घोरते… गुरुवारी तो निळा कोट घाल. आणि काही तरी खाऊन जा… नसेल मिळत तर नसेल मिळत. मला काही ते… नाही, खोटं कशाला बोलू, वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय मला कर्स्टी. घराचं वाटतंय आणि तुझं त्याहून वाटतंय. इतकं शिकलीस गं तू…

आले, आले! झगेवाली बोलावतेय… अकरा कुठं वाजलेत?… आधीचे लोक आलेच नाहीत म्हणे. थांब, ठेवू नकोस, एक सेकंद…

हो बाई, मीच हेझल थॅक्रे… हो, तयार आहे… कोण? नाही, त्यांची वाट नका बघू… नाही हो, कोणी येणार नाहीये. ते नाव खोडा तुम्ही… मुलगी आहे माझी, पण ती वकील नाही. मी आपलं उगीच सांगितलं. म्हातारं माणूस, बढाया मारायची सवय… नाही, तिला यातलं काही माहीत नाही. ती प्राणिशास्त्र शिकलीय. खोडलं ना? दाखवा बघू… हां.

एकटीच आहे… हो, फोन बंद करते. हा बघा, केला.