आतल्या खोलीत रेंज नाही

(काका आतल्या खोलीत अंथरुणावर. काकू आणि नेटवाला हॉलमध्ये.)

नेटवाला : ...आणि वर दारही लावलेलं! काकू, राउटर काय दागिना आहे, लोखंडी कपाटात ठेवायला?

काकू : हळू बोल. यांचं कंबरेचं हाड मोडलंय, कान शाबूत आहेत.

नेटवाला : अहो, हा बाहेर काढला तर काकांनी मागवलेल्या दुसऱ्या राउटरची गरजच नाही. आता आलाच आहे, तर वायर न ओढता जोडून देतो. परदेशातली मुलगी अगदी समोर बसल्यासारखी दिसेल.

काकू : दिसायला तिनं फोन तर करायला हवा.

नेटवाला : म्हणजे?

काकू : "बाबांचं तोंड बघणार नाही," असं मला स्पष्ट सांगून बसलीय. आणि हे रोज सकाळी दाढी करून, फोन उशाशी घेऊन तयार. रेंज नाही म्हणून लेकीचा फोन लागत नाही, अशी समजूत. म्हटलं, असू दे. घातला राउटर कपाटात.

काका (आतून) : काय रे, जोडतोयस की हिच्या हातचा चहा ढोसतोयस?

नेटवाला : जोडतोय काका! ...काकू, आता काय करू?

काकू : नव्या राउटरचे दिवे लागू देत. जोडू मात्र नकोस.

नेटवाला : धंद्यात पहिल्यांदाच ऐकतोय हे! बरं. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, नेटवर्कवरचा आयपी पत्ताही एकच. जोडताना दुसऱ्याचा बदलावा लागतो. नाही बदलत. बसतील एकमेकांत अडकून, नेट काही चालणार नाही.

काकू : बसू देत. चल आत, आणि तोंड जरा सरळ ठेव.

नेटवाला (आतल्या खोलीत) : काका, हे बघा, दिवे लागले. पण हॉलमधल्या राउटरला पकडत नाही. मधली भिंत फार जाड आहे.

काका : ऐकलंस? मी म्हणत नव्हतो, पोरीकडे बोट दाखवू नकोस म्हणून? बिचारी तिकडे लावून लावून दमली असेल.

काकू : दमली असेल हो.

काका : उगाच तिच्या नावानं तोंड पाडून बसतेस. ...काय रे, भिंत पाडणारा कुणी आहे का तुझ्या ओळखीचा?