वीस वर्षांनंतरची विमानं

आमचा जावई पहिल्यांदा नारायण पेठेत घरी आला, तेव्हाची गंमत सांगतो. हवाई दलाला वीस वर्षांनी किती आणि कोणती विमानं लागतील, हे ठरवणाऱ्या कचेरीत तो कामाला. स्थळाची चौकशी करणं खरं तर आमच्या हिचं खातं. ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं.

"लढाऊ विमानं किती घेणार?" मी विचारलं.

"काका, ते सांगता येणार नाही."

"बरं, मालवाहू?"

"तेही नाही."

"निदान जुनी मोडीत कधी काढणार?"

"पोहे छान झालेत, काका."

मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, नाही म्हणू नका हो! तो मलासुद्धा काही सांगत नाही."

मी तिथेच होकार दिला. गोष्ट पोटात ठेवणारा माणूस आमच्या घराण्यात पहिल्यांदाच येत होता.