बिनचूक भाडेकरू

…नाही, तुम्हीच सांगा, फिनलंडहून आलेला माणूस, आमच्या या लाम्पांग शहरात येऊन जेमतेम महिना, माझ्या वरच्या खोलीत राहतो, आणि एकदाही चुकत नाही? एकदाही? अहो, माणूस आहे, चुकायला नको? चपला दाराबाहेर, जोडीने, तोंडं रस्त्याकडे! माझ्या आईपुढे हात जोडले तर थोरांना जोडतात तशी बोटं बरोब्बर नाकाशी, भिक्खूंपुढे थेट कपाळाशी… माझा नवरा, लग्नाला तीस वर्षं झाली, अजून छातीशीच अडकलाय! वर आई म्हणते, "वान्पेन, शीक जरा त्या एर्कीकडून." मी! इथे जन्मलेली!

तुम्हाला सांगते, मला संशयच आला. इतकं जपून कोण वागतं? ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोच! मग मी सापळे लावले. नातीला मुद्दाम त्याच्या पुढ्यात बसवली, आमच्यात कुणाच्या डोक्याला हात लावायचा नसतो, पण हे गोरे लोक पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतातच हो… याने हात पाठीमागे बांधले! जिन्यासमोरच्या दोरीवर माझं नेसूचं वाळत घातलं, पुरुषाने त्याखालून जायचं नसतं, तर हा मागच्या केळीतून वळसा घालून आला, घोटाभर चिखलातून, आणि वर हसून म्हणतो, "काही हरकत नाही, ताई." हरकत नाही? अरे, माणूस आहेस, चुकायला नको?

गेल्या पौर्णिमेला विहारात माझी नजर याच्या पायांवरच… कधी एकदा बुद्धाकडे पसरतोय! तेवढ्यात आईने चिमटा काढला, "अगं भवाने, स्वतःचे पाय बघ!" बघते तर माझेच दोन्ही तळवे मूर्तीकडे! अख्खी आळी बघतेय… आणि एर्कीने गुपचूप आपला पंचा माझ्या पायांवर टाकला.

घरी येऊन धरलाच त्याला. "खरं सांग, कोण आहेस तू?" तर काय, रडकुंडीला येऊन सांगायला लागला हो! आधीच्या घरी मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांचं डोकं थोपटलं होतं, प्रेमाने… अकराव्या दिवशी सामान रस्त्यावर! तेव्हापासून म्हणे झोपतोसुद्धा पाय पोटाशी घेऊन. "इथूनही काढलंत तर कुठे जाऊ, ताई?"

म्हटलं, "वेड्या, या घरात रोज एक चूक माफ!"

तर आता? रोज सकाळी सातला खाली येतो, उंबऱ्याच्या मधोमध पाय देतो, माझ्याकडे बघून "आजची झाली, ताई," म्हणतो, आणि मग दिवसभर पुन्हा तसाच! चूकसुद्धा वेळेवर करतो मेला! आणि मी? चुलीवरचा भात तसाच टाकून सातला तिथे हजर… करता काय, माफ करायला कोणीतरी हवंच ना!