कागदावर रिकाम्या आठ खोल्या

मी मूळची रेणापूरकडची. लग्न होऊन लातुरात आले तवा आमचे मालक शाळेत शिपाई होते. त्यांनी वाट्याचं रान इकून हितं प्लॉट घेतला अन् एकेक करत आठ खोल्या बांधल्या, पाणी मी मारलं, इटा मी वाहिल्या, हे हात बघा. शिकवणीच्या पोरी ठेवायला बांधल्या. अर्धापूरच्या, देगलूरच्या, कुठल्या कुठल्या पोरी माझ्याकडं राहून डॉक्टर झाल्या. बापानं पोर आणून सोडायची, मावशी तुमच्या भरवशावर म्हणायचं, एक तारखेला भाडं हातात द्यायचं. करार न्हाई, पावती न्हाई. लेकरांचा काय करार करायचा?

मालक जाऊन तिसरं वरीस हाय, घर माझ्या नावावर झालं. अन् मागच्या साली माझ्या पोरीचा, शीतलचा, आयुर्वेदाला नंबर लागला, खाजगी कॉलेजात, फी भरायला पंधरा दिवस. मी म्हणलं काळजी करू नको, आठ खोल्या हायत. घर इकायचं न्हाई, तारण ठेवून कर्ज उचलायचं अन् भाड्यातून हप्ता फेडायचा. बँकेत गेले. साहेबानं भाडेकरार मागितला. न्हाई. भाडं खात्यावर येतं का? न्हाई. मग घरपट्टीची पावती बघितली अन् म्हणला, मावशी, हितं सगळ्या घराचा वापर स्वतःसाठी लिहिलाय, भाडेकरू एकबी न्हाई, हप्ता कशातून भरणार.

काय सांगू तुम्हाला, डोकंच फिरलं माझं. खोल्यात बावीस पोरी, अन् कागदावर एक न्हाई. हे मालकाचं काम. भाड्यानं दिलं म्हणलं की घरपट्टी जास्ती बसते, म्हणून महापालिकेकडून घर मोजायला आलेल्याला सांगितलं, आमचंच मोठं खटलं हाय, भाऊ, पुतणे, लेकरं. अन् मी काय केलं? त्या माणसाला चहा केला, पोरींना म्हणलं जरा वेळ बाहेर येऊ नका. मग एकट्या मालकाला शिव्या कशा देऊ?

फायनान्सवाला कागद बघत नव्हता, पण त्याचा हप्ता आठी खोल्यांच्या भाड्याहून मोठा. मग दीर आले, लई शहाणे. वयनी, माझ्या वळखीचा एक हाय, चार दिवसांत पैसे देतो, फकस्त नावापुरती खरेदी करून द्या, पैसे फेडले की घर परत तुमच्या नावावर. नावापुरती म्हणे! मी म्हणलं भाऊजी, तुमचं घर द्या की नावापुरतं. तवापासून येत न्हाईत, बरं झालं.

मग मीच महापालिकेत गेले अन् लिहून दिलं, आम्ही इतकी वर्षं खोटं सांगितलं, खोल्या भाड्याच्या हायत. खिडकीवरचा माणूस बघतच राहिला, असं सांगायला कुणी येत न्हाई म्हणला. फरक भरला, दंड भरला. एकेका बापाला बोलावून करार केले. एक बाप म्हणतो, मावशी, आमच्यावर भरवसा न्हाई का. मी म्हणलं, बँकेला माझ्यावर न्हाई, सही करा. बँकेनं कर्ज मंजूर केलं, हाव, केलं. कवा? फीची तारीख जाऊन अकरा दिवस झाल्यावर.

सीट गेली. शीतल पुन्हा परीक्षेचा अभ्यास करायली हाय, भाड्याच्या पोरींसंगं. बँकेचा साहेब म्हणतो कागद आता पक्के हायत, पुढच्या बारीला लवकर करू. शेजारच्या बाया म्हणतात नशिबात नव्हतं. त्याचाच मला लई राग येतो. नशिबाला कशाला मधी आणता? वर्षाला दोन-तीन हजार वाचवायला आम्ही दोघा नवरा-बायकोनं लेकराची सीट घालवली.

देव तिला यश देवो, तुमच्याबी लेकरांना देवो. ती मला एका शब्दानं बोलली न्हाई बघा. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी उठती, चहा पिती, पुस्तक घेऊन बसती, अन् मी दारातूनच बघते, आत जायला पाय उचलत न्हाई.